आयडलिंगला फ्युएल ट्रिम +२३ टक्के, कोड पी०१७१ : हवा नेमकी कुठून शिरतेय?

रिंगपिस्टन

१.६ लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल. एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) आहे, थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, इनटेक मॅनिफोल्ड (थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणारा भाग) प्लास्टिकचा. थंड इंजिन सुरू केलं की आरपीएम ६०० ते १००० च्या मध्ये वरखाली होत राहतो. दोन-तीन मिनिटांनी बसतो. गरम झाल्यावर पिकअपला तक्रार नाही, पण गाडी उभी असताना हलकी थरथर जाणवते. चेक लाइट लागलेला आहे आणि कोड एकच, पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी.

स्कॅनरवरचे फ्युएल ट्रिमचे आकडे (इंजिनाचा कंप्युटर, म्हणजे ईसीयू, पेट्रोल किती टक्के वाढवतोय ते; शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे साचलेली सवय), इंजिन पूर्ण गरम, एसी बंद:

आयडलिंग ७५० आरपीएम : शॉर्ट टर्म +५, लाँग टर्म +१८, एमएएफ २.६ ग्रॅम/सेकंद
न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएम : शॉर्ट टर्म +१, लाँग टर्म +६, एमएएफ ९ ग्रॅम/सेकंद

स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर नवे आहेत. एमएएफ त्याच्याच क्लीनरने साफ केलेला आहे, त्याने फरक पडला नाही. बॉनेट उघडून कान लावला तर सुस्कार्‍यासारखा आवाज कुठेच येत नाही.

हे व्हॅक्यूम लीकच आहे, म्हणजे मॅनिफोल्डच्या खेचेने कुठल्यातरी फटीतून हवा आत शिरतेय, असं धरायचं का? असेल तर ते शोधायची सुरुवात कुठून करावी? बरेच जण कार्ब क्लीनर फवारायला सांगतात, ते कितपत भरवशाचं आहे? मॅनिफोल्ड उतरवायची वेळ आली तर काय सांभाळायचं तेही सांगा.

गेजवाला

आकडे सोबत दिलेत ते फार बरं केलंत. निम्मं निदान त्यातच आहे.

दोन्ही ट्रिमची बेरीज करून बघायची. आयडलिंगला +२३, २५०० ला +७. म्हणजे ईसीयू उभ्या गाडीत मोजलेल्या हवेच्या मानाने २३ टक्के जादा पेट्रोल टाकतोय, आणि रेस दिली की ती गरज ७ वर येते. आयडलिंगला जास्त आणि आरपीएम वाढवला की कमी, हा व्हॅक्यूम लीकचा ठसा. पेट्रोल पंप कमजोर असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा एमएएफ कमी दाखवत असेल तर चित्र याच्या उलटं दिसतं: उभ्या गाडीत ट्रिम बरी आणि चढावर, लोडवर वाढत जाणारी. त्यामुळे पंपावर खर्च करायचा विचार असेल तर थांबा.

असं का होतं ते आकड्यांत बघू. एमएएफच्या पुढे, म्हणजे सेन्सर आणि सिलिंडर यांच्या मध्ये कुठेही फट असेल तर तिथून येणारी हवा मोजली जात नाही. तुमचं इंजिन आयडलिंगला २.६ ग्रॅम मोजतंय आणि २३ टक्के जादा पेट्रोल मागतंय. २.६ चे २३ टक्के म्हणजे ०.६ ग्रॅम/सेकंद. आता २५०० ला बघा: ९ ग्रॅममध्ये तेच ०.६ ग्रॅम मिसळले तर जवळजवळ ७ टक्के होतात. तुमचा दुसरा आकडा नेमका हाच आहे. दोन्हीकडे हिशेब जुळतोय, म्हणजे एका ठरावीक मापाच्या फटीतून ठरावीक हवा येतेय.

ती हवा ठरावीक का राहते? मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण ५३ टक्क्यांखाली गेला की फटीतल्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगापर्यंत पोचतो आणि त्यापुढे खेच कितीही वाढली तरी जास्त हवा येत नाही. गरम इंजिनाचा आयडलिंगचा दाब ३० ते ४० किलोपास्कल असतो, न्यूट्रलमध्ये २५०० लाही साधारण तेवढाच, म्हणजे आपण दोन्ही वेळा त्या मर्यादेच्या आत आहोत. ०.६ ग्रॅम/सेकंद हवा यायला साधारण २ मिमी व्यासाचं एक भोक पुरतं. १ मिमीच्या भोकातून त्याच्या चौथाई, म्हणजे ०.१५ च्या आसपास. तेव्हा तुम्ही शोधताय ते निघून पडलेला पाइप वगैरे नाही, बारीक चीर किंवा बसलेलं पॅकिंग आहे. कानाला ऐकू येत नाही यात नवल नाही.

थंड असताना जास्त त्रास होण्याची कारणं दोन. एक, सुरुवातीला ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही, त्यामुळे ताजी दुरुस्ती होत नाही. दोन, प्लास्टिक आणि रबर थंडीत आकसतं आणि फट मोठी होते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यावरून मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर संशय जातो.

एक पडताळणी मात्र आधी करून टाका. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला फट असेल तर एक्झॉस्टच्या दोन ठोक्यांच्या मधल्या खेचेत बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटं लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) दाखवतो. थंड इंजिनला एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ टकटक आवाज येतोय का, पॅकिंगपाशी काळे ओघळ आहेत का, एवढं पाहिलं की पुरे.

फ्रीझ फ्रेमही (कोड पडला त्या क्षणी ईसीयूने साठवलेले आकडे) उघडून बघा. कोड पडला तेव्हा आरपीएम ७५०-८०० आणि वेग शून्य असेल तर वरचं सगळं पक्कं.

आडवापाना

आता शोधायचं कुठे. आधी बॅटरी-हात-डोळे, मग यंत्र.

इंजिन बंद करून एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप हाताने वाकवून बघा. त्याच्या घड्यांच्या तळाशी, विशेषतः खालच्या बाजूला चिरा पडतात आणि वरून पाइप अगदी नवा दिसतो. गिअर टाकल्यावर इंजिन हललं की चीर उघडते, न्यूट्रलमध्ये मिटते, म्हणून उभ्या गाडीतल्या तपासणीत ती सुटते. पाइप काढून उजेडासमोर ताणून पाहणं हाच खात्रीचा मार्ग.

मग लहान होज. प्रत्येक होजचं टोक निप्पलवर (होज जिच्यावर बसते त्या आखूड नळीवर) फिरवून बघायचं. सहज फिरलं तर ते सैल झालंय. कडक होऊन बोटाखाली दबत नसेल तर आयुष्य संपलंय, चीर दिसो वा न दिसो. न वापरलेल्या निप्पलवरच्या रबरी टोप्या विसरू नका, त्या सर्वांत आधी फुटतात आणि सर्वांत शेवटी आठवतात.

आता पक्कडीची पद्धत, मला ही सर्वांत आवडते कारण तिला काहीच लागत नाही. होज दाबायची गुळगुळीत जबड्याची पक्कड घ्या (दातेरी नको, होज कापते), इंजिन गरम आणि आयडलिंगला, स्कॅनरवर शॉर्ट टर्म उघडी ठेवा. मॅनिफोल्डला जाणारी एकेक होज दाबून बंद करा आणि १०-१५ सेकंद थांबा. ज्या होजला दाबल्यावर शॉर्ट टर्म झपकन खाली येते, लीक त्या फांदीवर. क्रम असा ठेवा: ब्रेक बूस्टरची होज (पेडलला खेचेने जोर देणारा डबा), पीसीव्हीची होज (क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या तेलाच्या भागातली वाफ मॅनिफोल्डमध्ये नेणारा व्हॉल्व्ह), पर्ज व्हॉल्व्हची होज (पेट्रोल टाकीची वाफ मॅनिफोल्डमध्ये सोडणारा), मग बाकीच्या. कडक प्लास्टिकच्या नळ्या दाबू नका, त्या तडकतील. तिथे नळी काढून मॅनिफोल्डकडचं निप्पल टोपीने बंद करायचं.

इथे आरपीएमवर विसंबायचं नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असल्यामुळे ईसीयू आरपीएम ७५० ला धरून ठेवतो. लीक बंद केलं तरी काटा जागचा हलत नाही, कारण थ्रॉटल तेवढाच उघडला जातो. बदल दिसतो तो ट्रिममध्ये.

पीसीव्हीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण एमएएफच्या गाडीत क्रँककेससुद्धा इनटेकचाच भाग असतो. ऑइलच्या झाकणाचं रबर, डिपस्टिकचं रबर, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, यातून येणारी हवा पीसीव्हीमार्गे मॅनिफोल्डमध्ये जाते आणि तीही न मोजलेलीच. आयडलिंगला डिपस्टिक थोडी उचला: निरोगी इंजिनात ट्रिम किंवा इंजिनाचा सूर बदलायला हवा. काहीच बदललं नाही तर एक तर पीसीव्ही तुंबलाय किंवा क्रँककेसला आधीच कुठेतरी मोठी फट आहे. ऑइलचं झाकण उचलताना हलकी ओढ जाणवणं ठीक. झाकण ओढूनही निघत नसेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पीसीव्हीचा पडदा फाटलाय.

सोळाव्हॉल्व्ह

फवारणीबद्दल मी लिहितो, कारण यात लोक स्वतःला इजा करून घेतात.

कार्ब क्लीनर काम करतो, पण तो ज्वालाग्राही आहे आणि तुम्ही तो तापलेल्या एक्झॉस्टच्या आणि इग्निशन कॉइलच्या शेजारी मारताय. एखाद्या कॉइलच्या रबरातून ठिणगी बाहेर येत असेल तर आग लागते. करायचंच असेल तर मोकळ्या जागेत, अग्निशामक हाताशी ठेवून, बारीक नळी लावून एका जागी एक सेकंद. मग दहा सेकंद वाट. सगळीकडे भिजवून टाकलं तर वाफ एअर फिल्टरच्या तोंडातून आत जाते आणि तुम्हाला जिथे तिथे लीक दिसतं. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मात्र कधीच वापरू नका. तो तापलेल्या धातूवर किंवा ज्वालेत गेला की फॉस्जीन तयार होतो, आणि तो विषारी वायू आहे. डब्यावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय कुठलाही क्लीनर चालत्या इंजिनावर मारायचा नाही.

यापेक्षा न पेटवलेल्या प्रोपेन टॉर्चच्या तोंडाला हातभर लांब बारीक रबरी नळी लावून, गॅस अगदी थोडा सोडून नळीचं टोक संशयित सांध्यावरून हळूहळू फिरवणं जास्त नेमकं. गॅस आत गेला की शॉर्ट टर्म +५ वरून उणे होईल. नळीचं टोक बारीक असल्यामुळे दोन सेंटिमीटरच्या आत जागा सापडते. आगीचा धोका इथेही तेवढाच, पंखा आणि एक्झॉस्ट यांपासून लांब राहा आणि गॅस साचेल अशा बंद जागेत हे करू नका.

आग नकोच असेल तर साधं पाणी, बारीक फवार्‍याने. फटीवर पाणी पडलं की ती क्षणभर बंद होते आणि सुर बदलतो. बारीक लीकला मात्र हे नेहमी पुरत नाही. कॉइल, अल्टरनेटर आणि सेन्सरचे सॉकेट ओले करू नका. साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधणं चालत्या इंजिनावर निरर्थक आहे, कारण हवा आत जातेय, बाहेर येत नाही. बुडबुडे फक्त इंजिन बंद ठेवून आतून दाब दिला तरच येतात.

रिंगपिस्टन

सगळ्यांचे आभार. फ्रीझ फ्रेममध्ये आरपीएम ७६०, वेग शून्य. एक्झॉस्टला टकटक नाही, काळं काही नाही. थ्रॉटलचा पाइप काढून ताणून पाहिला, ठीक आहे.

पक्कड लावून: बूस्टर, फरक नाही. पर्ज, फरक नाही. पीसीव्हीची होज मधोमध दाबली, तरीही फरक नाही. डिपस्टिक उचलली की ट्रिम वाढते. मग थेट मॅनिफोल्डचं पॅकिंगच धरायचं का?

आडवापाना

अजून नाही. पक्कड फक्त मॅनिफोल्डपासून तिच्या पलीकडचं लीक बंद करते. पीसीव्हीची होज मधोमध दाबली म्हणजे क्रँककेसच्या बाजूचं सगळं तपासलं गेलं, पण पक्कड आणि मॅनिफोल्ड यांच्या मधला तुकडा तसाच राहिला. बर्‍याच इंजिनांत मॅनिफोल्डच्या निप्पलवर एक रबरी एल्बो असतो. तिथे गरम तेलकट वाफ आणि सर्वांत जास्त खेच दोन्ही एकत्र येतात, आणि तो वाकण्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे खालून, सडतो. वरून दिसत नाही. छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन खालून बघा, किंवा बोट फिरवा. बोटाला मऊ, चिकट लागलं तर सापडलं.

हेच बूस्टर आणि पर्जलाही लागू. पक्कड शक्य तितकी मॅनिफोल्डच्या जवळ लावायची.

रिंगपिस्टन

एल्बोच आहे. खालच्या बाजूला मऊ पडलाय आणि सुमारे सेंटिमीटरभर चीर आहे, मॅनिफोल्डकडच्या टोकाला. काढताना त्याचा अर्धा भाग निप्पलवरच राहिला. नवा बसवून कोड पुसला, गाडी फिरवून पूर्ण गरम केली. आता आयडलिंगला बेरीज +९, २५०० ला +३. थरथर जवळजवळ गेली. पण थंड असताना आरपीएम अजून थोडा डोलतो. +९ चालवून घ्यावं का?

एक शंका, बाजारात तयार वाकाचे सिलिकॉनचे पाइप मिळतात, पुढच्या वेळी ते वापरले तर जास्त टिकतील का?

गेजवाला

+९ ला कोड पडणार नाही, तो बहुतेक गाड्यांत बेरीज २० ते २५ च्या वर टिकली तर पडतो. पण निरोगी गाडी ±५ च्या आत असते, आणि तुमच्या गाडीत हिशेब अजूनही फटीचाच आहे: २.६ चे ९ टक्के म्हणजे ०.२३ ग्रॅम, ९ मध्ये ते अडीच टक्के. तुम्हाला +३ दिसतंय. म्हणजे दुसरी, लहान फट शिल्लक आहे, आणि थंडीत ती वाढते. लीक बर्‍याचदा जोडीने असतात, मोठं बंद झालं की लहान दिसायला लागतं. आता मॅनिफोल्डच्या पॅकिंगचा संशय रास्त आहे, पण उतरवण्याआधी स्मोक टेस्ट (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) करून घ्या.

सिलिकॉन पाइपचं उत्तर: पीसीव्हीला साधा सिलिकॉन नको. उष्णता तो छान सोसतो, पण तेल आणि पेट्रोलच्या वाफेने फुगतो, मऊ पडतो. तिथे नायट्राइल किंवा फ्लोरो रबरच हवं, तेही मूळ आकारात घडवलेलं. सरळ होज वाकवून बसवली की वाकावर चिमटते आणि खेचेने आत मिटते. ब्रेक बूस्टरलाही हेच: आत जाळी असलेली, खेचेने न मिटणारी होजच लावायची आणि चेक व्हॉल्व्हची दिशा तपासायची. साध्या कोरड्या व्हॅक्यूमच्या ३-४ मिमीच्या नळ्यांना मात्र सिलिकॉन चालतं.

आणि जुनी होज निप्पलवरून ओढून काढायची नाही. ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरून सोलायची, नाहीतर प्लास्टिकचं निप्पल मॅनिफोल्डसकट तुटतं. ब्लेडचा ओरखडा निप्पलवर उठला तर तोही पुढे लीक होतो, तेव्हा हात हलका.

सोळाव्हॉल्व्ह

स्मोक टेस्टबद्दल. इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो रात्रभर उभ्या गाडीवर करा. गरम असताना पॅकिंग फुगलेलं असतं आणि तुमचं उरलेलं लीक नेमकं तेव्हाच लपतं.

एअर फिल्टरच्या डब्याकडचं तोंड बंद करा. धूर आत सोडायला बूस्टरच्या होजचं मॅनिफोल्डकडचं निप्पल सर्वांत सोयीचं, कारण तो थेट मॅनिफोल्डमध्ये जातो. दाब अर्धा पीएसआय पुरतो, एक पीएसआयच्या वर जायचंच नाही. पीसीव्हीमार्गे हा दाब क्रँककेसमध्येही पोचतो, आणि ऑइल सील बाहेरच्या बाजूला ढकलले जावेत म्हणून बनवलेले नसतात. घरगुती धूरयंत्राला रेग्युलेटरशिवाय कॉम्प्रेसर जोडून नव्याने ऑइल गळती ओढवून घेतलेली इंजिनं कमी नाहीत.

दोन-तीन मिनिटं धूर भरू द्या, पंखा आणि वारा नको, कडेने जोरदार टॉर्च मारा. सायलेन्सरमधून धूर आला तर घाबरायचं कारण नाही: ज्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे राहिलेत तिथून तो जातो. जास्तच जात असेल तर क्रँक थोडा फिरवून घ्या. मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूला आरसा धरायला विसरू नका, प्लास्टिकचे मॅनिफोल्ड बहुधा टोकाच्या सिलिंडरपाशी खालून सोडतात. इंजेक्टरच्या बुडाचे ओ-रिंगही त्याच वेळी बघून घ्या.

एक मर्यादा लक्षात ठेवा. स्मोक टेस्टमध्ये दाब आतून बाहेर असतो, चालत्या इंजिनात उलटा. क्रँकचं सील किंवा पापुद्र्यासारखी फाटलेली होज एका दिशेने मिटते आणि दुसर्‍या दिशेने उघडते. धूर कुठेच आला नाही तरी ट्रिम जे सांगतेय तेच खरं, मग प्रोपेनने चालत्या इंजिनावर शोधायचं.

रिंगपिस्टन

थंड इंजिनावर धूर चौथ्या सिलिंडरच्या पोर्टखालून आला, पातळ पण सतत. बोल्ट जरा आवळून बघितले तर चालेल का? की मॅनिफोल्ड उतरवून पॅकिंगच बदलायचं? पॅकिंगला वरून सिलिकॉन सीलंट लावावं असं काही जण सांगतात.

गेजवाला

आवळून उपयोग नाही, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डच्या बोल्टभोकांत धातूच्या नळ्या बसवलेल्या असतात. बोल्ट त्या नळीवर टेकला की पॅकिंगवरचा दाब तिथेच ठरतो. त्यापुढे जोर लावलात तर हेडच्या अ‍ॅल्युमिनियममधले आटे जातील, पॅकिंग जरासुद्धा जास्त दाबलं जाणार नाही. बोल्ट सैल सापडला तर ठरलेल्या टॉर्कला आणा, एवढंच. रबर चपटं आणि कडक झालं असेल तर बदलणं हाच उपाय.

सीलंटचं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. खोबणीत बसणारं रबरी पॅकिंग कोरडंच बसवतात. सीलंट लावलं की रबर घसरतं, जादा सीलंट पोर्टमध्ये तुटून पडतं, आणि काही सीलंटच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर खराब होतो.

उतरवताना: इंजिन थंड. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणार्‍या नळीतला) दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. प्रत्येक होज आणि सॉकेटवर चिकटपट्टीने खूण करा, फोटो काढा. बोल्ट ढिले करण्याआधी हेडच्या कडेची माती हवेने उडवा, नाहीतर ती सरळ पोर्टमध्ये जाते. मॅनिफोल्डच्या खालून इंजिन ब्लॉकला धरणारी एक पट्टी असते, ती बर्‍याचदा नजरेतून सुटते आणि मग लोक मॅनिफोल्ड जोराने ओढून तडकवतात. बोल्ट बाहेरून मधे असे ढिले करायचे.

मॅनिफोल्ड निघाला की पोर्टमध्ये स्वच्छ फडकी कोंबा आणि किती कोंबली ते मोजून ठेवा. हेडचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या पातीने साफ करा. खरखरीत चकती फिरवायची नाही, तिची कणी सिलिंडरमध्ये आणि तेलात जाऊन बेअरिंग खाते. मग मॅनिफोल्डच्या फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला. मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. सगळीकडे ठीक आणि चौथ्या सिलिंडरपाशी पाती आत जात असेल तर मॅनिफोल्डच वाकलाय, नवं पॅकिंग काही महिने साथ देईल आणि थंडीत पुन्हा हेच होईल. प्लास्टिक घासून सरळ करायच्या फंदात पडू नका, खोबणीची खोली कमी होते.

बसवताना पॅकिंग खोबणीत सगळीकडे बसलंय ना हे बोट फिरवून बघा. सगळे बोल्ट हाताने लावा, मग मधून बाहेर, दोन टप्प्यांत टॉर्क रेंचने. एम६ बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर, एम८ ला २० च्या आसपास असतं, पण तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. खालची पट्टी शेवटी. इंजेक्टर निघाले असतील तर त्यांचे ओ-रिंग नवे टाका, बसवताना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवा, ग्रीस नको.

आडवापाना

एवढीच भर: जोडून झाल्यावर आधी फक्त इग्निशन दोन-तीन वेळा चालू-बंद करा म्हणजे रेलमध्ये दाब येईल, आणि इंजेक्टरपाशी पेट्रोल ओलं दिसतंय का ते बघा. मगच स्टार्टर. त्यानंतर जुन्या ट्रिम पुसा. ईसीयूला अजून जुन्याच ट्रिमची सवय असली तर दुरुस्तीनंतर काही वेळ गाडी रिच (पेट्रोल जास्त) चालते, आणि लोकांना वाटतं नवीनच काही बिघडलं. बॅटरी सोडवल्यामुळे थ्रॉटलचं आयडल शिकवणं करावं लागेल, प्रत्येक गाडीची पद्धत वेगळी असते. आणि तपासणी पुन्हा थंड इंजिनावर सुरू करा.

कोरडीहवा

याच धाग्यात विचारतो. माझ्या १.२ लिटर गाडीत एमएएफ नाही, एमएपी (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर) आहे, आणि आयडलिंगची हवा सोडणारा आयडल व्हॉल्व्ह वेगळा. आयडलिंग ११००-१२०० वरून खाली येत नाही, कोड पी०५०७, म्हणजे आयडलिंग ठरल्यापेक्षा जास्त. पण ट्रिमची बेरीज +३, म्हणजे अगदी ठीक. मग लीक नाही असं समजायचं का?

गेजवाला

नाही, तुमच्याकडे लीक असण्याची शक्यता भरपूर आहे, फक्त ट्रिम ते सांगणार नाही. एमएपीची गाडी हवा मोजत नाही, मॅनिफोल्डमधला दाब बघून हवा किती ते काढते. फटीतून आलेल्या हवेने दाब वाढतो, ईसीयूला वाटतं थ्रॉटल उघडलाय, तो तेवढं पेट्रोल देतो. मिश्रण बरोबर राहतं आणि इंजिन नुसतं जोरात फिरतं. म्हणून एमएएफच्या गाडीत लीक म्हणजे थरथर, एमएपीच्या गाडीत लीक म्हणजे चढलेला आरपीएम. वरची ट्रिमच्या हिशेबाची चर्चा तुमच्या गाडीला लावू नका.

तुम्ही आयडल व्हॉल्व्हचे आकडे बघा. व्हॉल्व्ह जवळजवळ पूर्ण बंद दाखवत असेल आणि तरीही आरपीएम ११०० असेल तर हवा दुसरीकडून येतेय. व्हॉल्व्ह उघडा दाखवत असेल तर तो काजळीने अडकलाय किंवा ईसीयूच आरपीएम चढवतोय, इंजिनाच्या तापमानाचा आकडा खोटा असला तर असं होतं. पक्कडीची पद्धत इथे आरपीएमवरच चालते, होज दाबली की काटा सरळ खाली येतो.

सुरुवात ब्रेक बूस्टरपासून करा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक झालं की पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. मग एक-दोन मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटांनी पेडल दाबा: पहिल्या दाबाला नेहमीसारखं खोल आणि पुढच्या प्रत्येक दाबाला वर येत गेलं तर बूस्टर आणि चेक व्हॉल्व्ह हवा धरतायत. पहिल्याच दाबाला कडक लागलं, किंवा पायापाशी सुस्कारा येऊन पेडल दाबताच आरपीएम बदलला, तर पडदा, होज किंवा चेक व्हॉल्व्ह गेलाय. तो ब्रेकचा प्रश्न आहे, दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नका.

बूस्टर ठीक निघाला तर पर्ज व्हॉल्व्ह. गरम इंजिन, आयडलिंग, व्हॉल्व्हची टाकीकडची होज काढून व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट ठेवा. ईसीयू पर्ज शून्य टक्के दाखवत असताना बोटाला ओढ लागली तर व्हॉल्व्ह बंद होत नाहीये. पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देत असेल तर पहिला संशय यावरच घ्या.